बाजीच्या छातीवरचं पॉलिश

न्हावरे, ता. शिरूर
१८ जानेवारी १९७४

श्री. बबनराव भाऊजी यांस वहिनीचा नमस्कार.

तुमच्या बाजीच्या छातीचा काळा रंग माझ्या पदराला लागला, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. तरी आधी रीत. तुमचे गुडघे कसे आहेत? रंगुबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना चुलीपुढून उठवा आणि चार दिवस तुम्ही भाकरी थापा. खोकला जाईल, आणि गुडघ्यांचं कौतुकही.) इकडे सर्व ठीक. फक्त माझ्या मैनेची अब्रू गेली आहे.

दीड महिन्यापूर्वी ती व्याली. सात पिल्लं: तीन काळी बापासारखी, दोन आईसारखी लाखी, म्हणजे तांबूस, आणि दोन चक्क पांढरी-बांडी, जणू कोणी अंगावर ताक सांडलं. आपल्या न्हावरी कुत्र्यांच्या जातीचा नियम तुम्हाला पाठ आहे: अंग काळं किंवा लाखी, पिल्लात पांढरं निघालं तर आईचं नाव आपल्या कुत्रे-पाळक मंडळाच्या वहीतून कमी आणि सगळी वीण जातीबाहेर. चिटणीस या नात्याने हा नियम मीच लिहिला, आणि माझं अक्षर चांगलं असल्यामुळे तो वाचताना मंडळात कोणालाही अडचण आली नाही. अध्यक्ष सोपानराव तर मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "बाई, तालुक्याच्या पोरी शिकविल्या तुमी, पर घरच्या कुत्रीवर ध्यान न्हाई ऱ्हायलं!" शेजारची अनसाबाईही आता मैनेला भाकरी टाकताना तोंड फिरवते. आणि तुम्ही, भाऊजी, तुम्ही उभे राहून छातीवर हात ठेवलात: "माझ्या बाजीच्या सात पिढ्यांत पांढरा केस न्हाई." (सात पिढ्या! तुम्हाला स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर रंगुबाईंकडे बघता.) माज आला तेव्हा मैना एकवीस दिवस कोठीच्या खोलीत कुलपात होती, किल्ली माझ्या कमरेला. आत आला तो एकटा बाजी, तोही तुम्ही फेटा-नारळ घेतल्यावर.

पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले त्याला पस्तीस वर्षं झाली, पण मटाराचे ते प्रयोग मी विसरले नाही. रंगाच्या दोन चिठ्ठ्या प्रत्येक पिल्लाला मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. भरीव रंगाची चिठ्ठी पांढरीला झाकून टाकते. पिल्लू बांडं व्हायचं तर दोन्हीकडून पांढरीच यावी लागते. म्हणजे एक मैनेकडे दडलेली आहे, हे मी मान्य करते. दुसरी कोणाकडे, हे कुलूप सांगतं. अशी चिठ्ठी दडवून असलेल्या कुत्र्याच्या छातीवर पुष्कळदा रुपयाएवढा पांढरा ठिपका असतो, म्हणून मंगळवारी मी मुद्दाम एस.टी.ने तुमच्या राहू गावी आले. बाजीची छाती कोळशासारखी! मी ओशाळून ओट्यावर बसले. तुम्ही गूळ-पाणी आणायला आत गेलात आणि त्या प्रेमळ जनावराने दोन्ही पाय माझ्या खांद्यावर ठेवले. परतताना एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "बाई, इंजिनाखाली शिरला व्हता का काय?" घरी येऊन पदराचा वास घेतला. बूट पॉलिश. भाऊजी, तुमच्या घरात बूट कोणाला आहेत?

राग आला होता. आता हसू येतं. पण रविवारी मंडळ शेवटचा निकाल देणार आहे, आणि मैनेचं नाव खोडायचं तर ते चिटणिसाच्या हाताने, म्हणजे माझ्याच. सात वर्षं जिने माझ्या दाराशी राखण केली, तिच्यावर मी लाल रेघ ओढणार नाही.

रंगुबाईंना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता.क. पॉलिशबद्दल मी मंडळात अवाक्षर काढणार नाही. ते तुम्हीच काढायचं. बाजीला पांढऱ्या ठिपक्यासकट घेऊन या आणि बाप कबूल करा. नियम बदलण्याचा ठराव मी लिहून ठेवला आहे. अनुमोदक म्हणून तुमचं नाव घातलं आहे.

दुसरा ता.क. तुम्हाला सांगायला हरकत नाही. सहासष्ट साली मैनेच्या आईला सहा पिल्लं झाली होती. वहीत पाच आहेत. सहावं पांढऱ्या कानाचं होतं. ते मी केंदूरच्या एका धनगराला देऊन टाकलं आणि त्याच आठवड्यात तो नियम लिहिला. रविवारी तुमच्यानंतर मीही उभी राहणार आहे. मात्र आधी तुम्ही.

आमचा दूधवाला भैरू याच्या हाती दिलेल्या वस्तू:
१. बांडं पिल्लू, नर, एक. (बाप-कुत्र्याच्या मालकाला रिवाजाने द्यायचं पिल्लू. तुम्ही निवडायला आला नाहीत, मी निवडलं. डोळे तुमच्या बाजीचे आहेत.)
२. त्याचा जन्माचा दाखला. बापाच्या रकान्यात बाजी, शाईने.
३. साबणाची वडी, एक, अख्खी.
पोचल्याची सही भैरूजवळ द्यावी.