काचेला घाम येस्तोवर

७ जुलै, सोमवार

शेठ आज बी म्हनला, "पुढच्या सोमवारी." तेच्या कॅलेंडरात सोमवार सोडून दुसरा वारच न्हाई!

शरदचंद्र शेठ. मेन रोडवर साड्यांचं दुकान, पार पायरीपासून छतापर्यंत नुसती काच. जालन्यात आमी जेवढ्या काचा पुसतो त्यात सगळ्यात मोठी तीच, आन सगळ्यात जास्त पैसे बी तिथंच अडकलेले. पाडव्यापासून. आमी म्हंजे मी आन अतिक. शिडी अतिकची, बादली आन वायपर माझं. दोघं मिळून एक धंदा.

आज नवीन आयडिया केली – मागायचंच न्हाई. गादीवर बायांच्या मधी जाऊन गप बसलो. बाया साड्या खांद्यावर टाकून आरशात बघून राह्यल्या, मी बी मान हलवून राह्यलो. एकीला म्हनलं, मावशी ही न्हाई, ती हिरवी घ्या. तिनं हिरवी घेतली! शेठ खुश. मला चहा पाजला. पैसे – पुढच्या सोमवारी.

८ जुलै, मंगळवार

अतिकनं क्यूआर कोडचा कागद बादलीला चिटकवला. म्हनला आता सुट्टे न्हाईत म्हनायला कोनाला जागा न्हाई. शेठ म्हनला नेट न्हाई. तेच्या मोबाईलवर क्रिकेट चालू व्हतं. दुपारपर्यंत कागदाचा लगदा झाला.

१० जुलै, गुरुवार

आज एकाकडून तरी पैसे काढले. पन कसे काढले ते लिव्हायलाच पाह्यजे.

दाताचे डॉक्टर. तीनदा गेलो, तीनदा कंपाउंडरनं हाकललं. त्यांच्या काचेला आतून एका बाईचा मोठा फोटो लावलेला हाय, बत्तीशी दाखवून हसती. मी आज सगळी काच लख्ख केली. फक्त तिच्या समोरच्या एका दातावरची धूळ ठेवली. बराबर तेवढीच. रस्त्यावरून बघितलं की बाईचा एक दात पडलेला! रिक्षावाले थांबून बघून राह्यले. डॉक्टर बाहेर आले. मी म्हनलं, सर, मागचं दिलं की दात बसवून देतो.

दिले! तिथंच दिले. दात बसवला. मंग डॉक्टर म्हनले, उद्यापासून येऊ नको.

मला वाटलं अतिक हसंल. तो शिडी खांद्यावर घेऊन चालायला लागला. मामा चौकात शिडी खाली टेकवली. मंग म्हनला, "कारभारी, मस्करी तुझी होती आन गिऱ्हाईक माझं बी जातं."

११ जुलै, शुक्रवार

अतिक चाललाय. वाटूरला तेच्या मामूचं टायरचं दुकान हाय, फाट्यावर. मामूनं बोलावलंय. वीस तारखेला, रविवारी, सकाळच्या आठच्या बसनं. शिडी बी टपावर टाकून नेनार म्हनला.

मी म्हनलं चेष्टा करतो का? म्हनला बिलकुल न्हाई. शेठचे पैसे निघाले आन तुझी मस्करी बंद झाली तर बघू.

दोन्ही एकदम कसं व्हायचं? मस्करी न करता शेठकडून पैसे निघत न्हाईत, हे चार महिने बघूनच राह्यलो की.

शिडी भाड्यानं मिळती. अतिक कुठं मिळतो भाड्यानं.

१३ जुलै, रविवार

अतिक घरी आल्ता, वायपरचं रबर बदलायला. मायनं तेला पोहे दिले. तेला ती माझ्यापेक्षा जास्त वाढती. खाऊन हात धुवायला न्हानीत गेला तो लई वेळ बाहेरच येईना. मायनं हाक मारली, आरं पोट बिघडलं का तुझं? बाहेर आला तर तोंडावर हसू. जाताना म्हनला, "आंघोळ करत जा बे कारभारी."

मायसमोर! आता मायला बी तेच मिळालं. दिसभर आंघोळ, आंघोळ. पन पानी तापवायचा हिटर जळाल्याला, आन पावसात गार पानी अंगावर कोन घेनार? मी तोंड धुतो, भांग पाडतो. कोनाला कळत बी न्हाई. तेला कळलं कसं काय माहीत.

वाटूरचं मी इचारलं न्हाई. तेनं बी काढलं न्हाई.

१४ जुलै, सोमवार

शेठ – पुढच्या सोमवारी. पुढच्या सोमवारी अतिक टायर फुगवत असनार.

घरी येताना डोक्यात आलं. पावसाळ्यात ए.सी. चालू असला की शेठची काच बाहेरून घामेजती. आन काचेवर साबनाच्या बोटानं काही लिव्हलं तर सुकल्यावर दिसत न्हाई, काच घामेजली की मंग उमटतं. आमी दोघांनी हे पहिल्याच पावसाळ्यात हुडकलं व्हतं. एका सलूनच्या काचेवर बैल काढला व्हता.

पन मस्करी बंद, असं ठरलंय. ठरलंय अतिकनं. मी हो म्हनलं न्हवतं.

१५ जुलै, मंगळवार

लिव्हलं! अतिक आत आरसे पुसून राह्यला व्हता, रस्त्याकडं तेची पाठ व्हती. आधी म्हनलं उलटं लिव्हावं, म्हंजे शेठला गल्ल्यावरून वाचता यील. उलटं लिव्हायला मला सुलटं तरी कुठं नीट येतं. सरळच लिव्हलं, रस्त्याकडून. हातभर अक्षरं –

लई दिस झाले. आता पैसे द्या.

सुकलं. काय बी दिसत न्हाई. अतिक म्हनला आज काम झ्याक केलं तू. मी बादली उचलून पुढं निघालो.

१६ जुलै, बुधवार

पाऊस न्हाई. काच कोरडी. शेठ बी कोरडा.

१७ जुलै, गुरुवार

चारला धो धो आला. मी समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. पाच वाजता काच पांढरी झाली आन मधून अक्षरं निघाली. एवढी मोठी! मलाच भेव वाटलं.

बाया छत्र्या धरून वाचायला लागल्या. एक हसली. एक वाचून आत गेली. दुसरी वाचून तिथूनच माघारी फिरली. मंग गर्दी बघून शेठ बाहेर आला. चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला. मंग रस्त्याच्या दोन्ही बाजूला बघायला लागला. मी चहा तसाच टाकून पळालो.

संध्याकाळी अतिकचा फोन. उचलला न्हाई. परत आला. न्हाईच उचलला. मंग मेसेज – शेठनं दोघाला उद्या बोलावलंय. तू काय केलं?

गिऱ्हाईक गेलं. अतिक बी गेला. मीच घालवला.

१८ जुलै, शुक्रवार

अजून पटत न्हाई. सगळं लिव्हतो.

अतिकला वाटंत खरं सांगितलं. दुकानात गेलो. शेठनं समोर बसवलं. इचारलं, "काचेवर लिव्हनारा कोन?"

मी हात वर केला. शाळेत बी कधी एवढा सरळ केला न्हाई.

शेठ गल्ल्यात हात घालून मला म्हनला, किती दिसांचे तुमचे? मला वाटलं हिशेब मिटवून हाकलनार. तेवढ्यात एक बाई आली, बाहेर काचेकडं बघतच आली. गल्ल्यावर पैसे ठेवले आन म्हनली, शेठ, लग्नातल्या साड्यांचे हे. लिव्हायची काय गरज व्हती, निरोप धाडला असता तरी दिले असते.

गेली. शेठ आमच्याकडं बघून हसला. कालपासून ही कितवी म्हनला. प्रेमलाबाई म्हनून एक शाळेच्या बाई हायेत, त्यांचं दिवाळीपासून बाकी व्हतं, त्या काल भिजत पैसे घेऊन आल्या. सगळ्यांना वाटलं शेठच मागून राह्यलाय! दुकानाच्या काचेवरचं लिव्हनं दुकानदाराचंच, काच पुसनाऱ्याचं कोन धरतं?

शेठ म्हनला, "पोरांनो, मी पाटी लावली तर बाया रागावत्यात, दुसऱ्या दुकानात जात्यात. हे आपोआप उमटतं अन् आपोआप जातं. कोनावर रागावनार?"

आमचे सगळे दिले. पाडव्यापासूनचे, नोटा मोजून, अतिकच्या हातात. आन दर मंगळवारी ते लिव्हायचं, पावसाळा संपस्तोवर. तेचे वेगळे. आगाऊ!

छातीवरून शिडी काढून घेतल्यासारखं वाटलं.

बाहेर आल्यावर अतिकनं माझा हिस्सा दिला. हसला बी. मी म्हनलं, मंग वाटूर? म्हनला, मामूला जबान दिलीय यार.

१९ जुलै, शनिवार

मायसाठी नवा हिटर आनला. गुडघे शेकायला गरम पानी पाह्यजे म्हनून रोज कन्हत असती.

अतिककडं गेलो. पिशवी भरून राह्यला व्हता. शिडीला दोरी बांधलेली. तेचा बाप महेबूबचाचा दारात बसला व्हता, मिशीवरून हात फिरवून राह्यला व्हता. मी म्हनलं, आता तर पैसे बी निघाले. अतिक खाली बघत म्हनला, आठची बस हाय, स्टँडवर ये. मंग वर बघून – "आंघोळ केली का?"

जाताना बी तेच! मी निघून आलो.

२० जुलै, रविवार

माय म्हनली हिटर तू आनला, पयली आंघोळ तूच कर. केली. न्हानी वाफेनं भरली आन आरशावर अक्षरं निघाली. अतिकचं अक्षर, वाकडं –

वाटूरला कोन चाललंय. भेव घातलं तुला. १३ जुलै.

माय बाहेरून वरडून राह्यली, पानी किती घेतो! मी आरशावर तोंडानं वाफ सोडून सोडून परत वाचून राह्यलो.

साडेसात झाले. बाहेर पाऊस हाय. तो पिशवी आन शिडी घेऊन स्टँडवर उभा असनार, मी रडत येतो का बघायला.

उभा राहू दे. मी अजून एक बादली तापायला लावलीय.