अर्धं रताळं

२ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाही! माझ्या कार्टून मालिकेतली नागिसा एकटीच राहणार.

निर्माते कुसुनोकीसान आज चहा पाजून म्हणाले, "सेन्सेई, नऊ भाग झाले. तुमची नायिका एकटीच तंबू ठोकते, एकटीच शिजवते, एकटीच डोंगर बघते. दहाव्यात तरी कुणीतरी येऊ दे हो!" पर्याय छापूनच आणले होते – देखणा मुलगा, विधवा शिक्षिका, बोलणारा कोल्हा. कोल्ह्याखाली लाल रेघ. कोल्ह्याच्या बाहुल्या खपतात. बावीस तारखेपर्यंत दहावा भाग दिला नाही, तर मालिका दुसरं कुणी लिहील.

म्हटलं, माणूस एकटंही सुखी असू शकतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या कनवाळूपणे बघितलं, की चहा त्यांच्या कागदांवर सांडावासा वाटला.

घटस्फोटाला चार वर्षं झाली. मी सुखी आहे. लिहून ठेवते.

३ नोव्हेंबर

तळ्याकाठी. आयुष्यात पहिल्यांदा तंबूत! आधीचे नऊ भाग स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले. हे या पानाबाहेर जाता कामा नये.

'फक्त एकट्यांसाठी' राखलेल्या भागात बेचाळीस तंबू. सगळ्यांकडे नागिसासारखाच पिवळा कंदील. व्यवस्थापकबाई भोंग्यातून ओरडत होत्या, "एकट्याने आलेल्यांनी कृपया रांगेत या!" डावीकडच्या मुलीने कमरेत वाकून विचारलं, "माफ करा हं, जरा बाजूला व्हाल? फोटोत मी एकटी दिसायला हवी." झाले बाजूला. माझ्या मागचे अकरा जणही झाले.

उजवीकडे, अठरा नंबरच्या जागेवर, उगाकीसान. सत्तरी ओलांडलेले, बसचालक म्हणून निवृत्त. खुंट्या ठोकतानाही हातात पांढरे मोजे! प्रत्येक गोष्टीकडे बोट रोखून खणखणीत आवाजात सांगतात – "दोरी, घट्ट! चूल, विझली!" बस हलवण्याआधी असंच म्हणायचं, ही चाळीस वर्षांची सवय. सुटणार कशी?

संध्याकाळी त्यांनी अर्धं भाजलेलं रताळं आणून दिलं. "एकट्याला जास्त होतं." झालं! म्हणजे परतभेट आली. रीत अशी, की मिळालं त्याच्या निम्मं परत करावं. पाव रताळं मी कुठून आणू? चहाची पुडी दिली. ती बहुतेक निम्म्याहून जास्त झाली, कारण वीस मिनिटांत ते डबाभर मिसो सूप घेऊन हजर.

४ नोव्हेंबर

त्यांचा डबा माझ्याकडेच राहिला! सकाळी उठले तर ते निघून गेलेले. बुडाला चिकटपट्टीवर नाव आणि फोन नंबर. फोन केला. "दर शनिवार-रविवारी तिथेच असतो. घाई नाही," म्हणाले.

घाई नाही म्हणजे याच शनिवारी. आणि डबा रिकामा नेता येत नाही.

९ नोव्हेंबर

डब्यातून उकडलेले चेस्टनट नेले. त्यांनी लगेच माझ्या ताटलीत भाताचे तीन गोळे वाढले आणि ताटली धुऊन देतो म्हणून स्वतःकडेच ठेवली. म्हणजे पुढचा शनिवारही गेला.

"ती कार्टूनवाली पोरगी आली आणि इथली शांतता संपली," म्हणाले.

"तुम्ही बघता?"

"छे! नऊच भाग बघितलेत." मग मोजे काढत, "लिहिणाऱ्याला काही कळत नाही. पोरगी दोघांच्या भांड्यात एकटीपुरतं शिजवते. दर वेळी! तळाला लागणारच."

मी लिहिते, हे सांगितलं नाही. त्या भांड्याचा फोटो चित्रकाराला मीच पाठवला होता. माझ्या ओट्यावरचं भांडं. लग्नातलं.

१० नोव्हेंबर

लागतंच तळाला.

१४ नोव्हेंबर

कोल्ह्याला तीन वाक्यं लिहून दिली. तिन्हीत तो उगाकीसानांसारखा बोलतो. "शेपटी, सरळ!" सगळं खोडलं.

कुसुनोकीसानांचा फोन – "सेन्सेई, कोल्हा कुठवर आला?"

आणि मी शनिवारसाठी काय रांधायचं, याच विचारात! हे थांबवलं पाहिजे. एकटीच्या गोष्टी लिहिणारी बाई मी.

१६ नोव्हेंबर

ताटली परत आली, वर मुळ्याचं लोणचं. मी भोपळ्याची भाजी दिली – कागदी खोक्यात! खाऊन फेकून द्यायचं. परत करायला भांडंच नाही. किती सभ्य युक्ती! समोरच्यावर ओझं नको, असंच म्हणतात ना आपल्यात.

त्यांनी खोकं उलटंपालटं करून बघितलं. "हे परत द्यायचं नाही?"

"नको नको. तुम्हाला कशाला त्रास."

मग खोक्याकडे बोट रोखलं. "डबा, नाही." आवाज मात्र खणखणीत नव्हता. वाकून नमस्कार केला आणि तंबूत गेले.

सुटले!

१७ नोव्हेंबर

अठरा नंबर रिकामा. पिवळ्या पडलेल्या गवताचा नुसता चौकोन. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "पुढचे सगळे शनिवार रद्द केलेत त्यांनी. सात वर्षांत पहिल्यांदा. काय झालं हो?"

मी म्हटलं, काही नाही. मी सभ्यपणे वागले, एवढंच.

१९ नोव्हेंबर

एक ओळ नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी दहावा भाग पाठवला. कोल्हा नाही. नागिसा शिजवते, शेजारचे आजोबा समोर बसून खातात. कुणीच कुणाला काही परत करत नाही. दोघांच्या भांड्याचा तळ स्वच्छ. संपलं.

कुसुनोकीसानांचं उत्तर – "पण सेन्सेई, यात घडतं काय?"

मग उगाकीसानांना फोन लावला. थेट बोलले, "मी उद्या तळ्यावर येतेय. आणणार काहीच नाही. तुम्ही या." वडीलधाऱ्या माणसाला असं! कान तापले. त्यांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला.

२३ नोव्हेंबर

हात हलवत गेले. पिशवीत कुसुनोकीसानांचा फोन वाजत होता, वाजू दिला. उगाकीसानांनी रताळं मोडून अर्धं मला दिलं, पण या वेळी आपल्या तंबूत गेले नाहीत. आधी समोरच्या खुर्चीकडे बोट रोखलं, मग मी बसले तशी माझ्याकडे. सगळ्या बेचाळीस एकट्यांनी वळून बघितलं, एवढ्या मोठ्याने ओरडले –

"प्रवासी, बसले!"