अडीच फुटांचा फरक

१२ जानेवारी १९३२, मंगळवार

चूक सापडली! माझी नव्हे — दुसऱ्याची. आणि मी एकटीने शोधली.

शाळांच्या भिंतीवर लावायच्या नकाशासाठी बडोदा राज्याच्या चारही प्रांतांच्या उंचीचा तक्ता करायचं काम कचेरीने मला दिलं, त्याला दोन महिने झाले. नवसारी समुद्राजवळ, तक्त्यात अगदी तळाला. कडी प्रांत हळूहळू चढत जातो. अमरेली तर आपल्याहून तिनेकशे फूट वर! आबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अमरेलीवाले आपल्याला वरून बघतात म्हण की." थट्टाच करतात. पण कुठल्याशा शाळेतली मुलगी या तक्त्यावर बोट ठेवील आणि आपला मुलूख कुठे उंच, कुठे सखल ते तिला कळेल — घोकून नव्हे, समजून. म्हणून यात एकही आकडा खोटा जाता कामा नये.

आज सावली गावच्या रस्त्यावरची सहा ठिकाणं वीस वर्षांपूर्वीच्या यादीशी ताडून पाहिली. पूल, धर्मशाळेची पायरी, चावडी, तीन विहिरी. नवे आकडे सहाही ठिकाणी अडीच फुटांनी कमी! जमीन काय खचली?

नवं मोजमाप गेल्या डिसेंबरातलं. मोजणारे — सुभानराव. म्हणजे आपले सुभानकाका. आबांबरोबर रिसाल्यात होते, खांदा निखळला तेव्हापासून मोजणीकडे.

हे नाव वाचल्यावर मघाचा आनंद थोडा उतरला. थोडाच. खरं ते खरं.

आई आत्ता येऊन कपाळाला शेंदूर लावून गेली. तिच्या माहेरच्या बाजूचा कुठलासा मारुती. "बीए झालीस ती त्याच्या कृपेने." आणि मी चार वर्षं डोळे फोडले ते?

१३ जानेवारी

गणपतरावसाहेबांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून दोन्ही याद्या तीनदा वाचल्या. सगळ्या कारकुनांसमोर म्हणाले, "शाबास, प्रेमलाबाई! वीस वर्षं इथे बसलेल्यांना हे दिसलं नाही." कान तापले माझे.

मग सुभानकाकांची वही मागवली. मोजणीच्या शेवटी ज्या दगडाशी आकडा जुळवून बघायचा असतो, तिथे त्यांनी लिहिलंय — 'दगड सापडला नाही. शेत नांगरलेलं.'

"सापडला नाही म्हणे! गेलाच नसेल. झाडाखाली बसून आकडे भरलेत." आणि मला — "लेखी द्या."

दिलं. सहीपुढे बी. ए. लिहिलं. पहिल्यांदाच.

१४ जानेवारी. उत्तरायण

आकाश पतंगांनी भरलंय. सुभानकाका दर वर्षीसारखे तिळगूळ घेऊन आले — त्यांना अजून काही ठाऊक नाही. हातावर ठेवला. "गोड बोल गं, मास्तरीण." मी तिळगूळ तोंडात न घालता डब्यात टाकला.

१६ जानेवारी, शनिवार

आज त्यांना साहेबांनी बोलावलं. मलाही बसवलं. काका उभे, मी खुर्चीवर. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी दसऱ्याची स्वारी पाहिली, तो माझ्यासमोर उभा!

साहेब म्हणाले, "बुधवारी कागद वर जाईल. खोटे आकडे भरल्याबद्दल बडतर्फी. पेन्शन विसरा."

पेन्शनीला त्यांचे आठच महिने उरलेत.

काका एवढंच म्हणाले, "साहेब, मी बावीस कोस चाललोय." पुन्हा विचारलं तरी तेच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाताना मात्र दारात थांबले. "तुझं अक्षर छान आहे, पोरी."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, रविवार

घरात कळलं. आई स्वयंपाकघरातून — "शिकवलं ते याच्यासाठी? माणसाच्या ताटात माती घालायला?" मी म्हटलं, आकडा चुकीचा आहे तर चुकीचाच म्हणणार ना? "म्हण. पण आधी त्याला विचारायचंस." यावर मी नुसती ओरडले.

आबा तेवढा वेळ झोपाळ्यावर. मग त्यांनी विचारलं, "सगळे आकडे किती किती चुकलेत?"

"अडीच फूट."

"सगळे?"

"सहाच्या सहा. एखाद्या बोटाचा फरक इकडेतिकडे."

आबांनी झोपाळा थांबवला. "चांदमारीत एखाद्याच्या गोळ्या चहूकडे पडल्या तर समजायचं, गडी कच्चा आहे. पण सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी, एकाच बाजूला पडल्या तर? गडी पक्का असतो. बंदुकीची माशी वाकडी असते. आम्ही आधी बंदूक बघायचो, मग माणूस."

मी ताटावरून उठलेच!

झाडाखाली बसून खोटे आकडे भरणारा माणूस सहा ठिकाणी नेमका अडीच फूट कसा चुकेल? ज्याला इतकं सारखं चुकता येतं त्याला बरोबर आकडा माहीत हवा. काका बरोबर मोजत गेले. सुरुवातच चुकीची.

आणि सुरुवात म्हणजे निशाणीचा दगड — शेवटचा, न सापडलेला नव्हे, पहिला. उंची मोजणारा नेहमी एका सरकारी दगडापासून निघतो. त्या दगडाची समुद्रापासूनची उंची वहीत कायमची लिहिलेली. दगडावर पट्टी उभी करायची, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, आणि तिथून पुढे बेरीज-वजाबाकी करत गावोगाव जायचं. दगडच वर सरकला असेल तर पुढची सगळी जमीन कागदावर तेवढीच खाली जाणार.

हे मला मंगळवारीच दिसायला हवं होतं. दिसलं होतं! 'सहाही ठिकाणी' असं मीच वर उद्गारचिन्ह देऊन लिहिलंय. विचार केला नाही. शाबासकीची घाई होती.

१८ जानेवारी

साहेबांना सांगितलं. हसले. "दगडाला पाय फुटले, असं?"

मी हटले नाही. कागद थांबवा म्हटलं.

"बुधवारी बारा वाजेपर्यंत. पण नुसतं 'दगड हलला' चालणार नाही. सरकारी निशाणी हलवणं गुन्हा आहे. कुणी हलवला, केव्हा, का — नावानिशी आणा. नाव नाही तर तुमचा पहिला कागद आहेच. तुमच्याच सहीचा."

जुन्या नोंदवहीत पहिल्या दगडाचं वर्णन सापडलं, इंग्रजीत — विहिरीच्या वायव्येला, जमिनीपासून चार बोटं वर, माथ्यावर बाण कोरलेला. काकांना कचेरीने फक्त आकडा उतरवून दिला होता. त्यांना इंग्रजी येत नाही. कुणी वाचूनही दाखवलं नाही.

नाव मिळवणारच. जो कोणी असेल तो.

१९ जानेवारी, मंगळवार

सावलीला जाऊन आले. काका बरोबर होते — काल संध्याकाळी त्यांच्या दारात उभी राहून "चला" एवढंच म्हणाले, ते पागोटं बांधून निघाले. पट्टी धरणारा जेठाभाईही आला, तो रस्ताभर आम्हा दोघांच्या वाटचं बोलत होता.

विहीर सापडली. वायव्येला विटांचा, चुना लावलेला ओटा. ओट्यावर शेंदूर फासलेला मारुती, पुढे नारळाच्या करवंट्या.

"हाच," काका म्हणाले. "गाववाल्याने हाच दाखवला. मी जोडे काढले, नमस्कार केला, माफी मागितली आणि डोक्यावर पट्टी ठेवली."

"ओटा पाहून शंका नाही आली?"

"देवाला कुणी उचललं असेल हे मनातच आलं नाही गं. ओटा नवा म्हणावा तर चुना पावसाने काळा पडलेला. आमच्याच लोकांनी बांधला असेल वाटलं."

मी खरवडायला पुढे झाले तर शेतातून एक म्हातारा धावत आला. "बेन, दादाने अडशो नहीं!" देवाला शिवू नका म्हणे. जेठाभाईने त्याला समजावलं. शेवटी खरवडायचं नाही, नुसतं बोट फिरवायचं असं ठरलं. शेंदराचा थर मऊ होता. माथ्यावर बोट दाबलं, आणि खाली खाच लागली. एक रेघ. तिला दोन तिरक्या.

बाण!

मी काकांचा हात धरून तिथे टेकवला. त्यांनी डोळे मिटले. मग विहिरीच्या काठावर जाऊन बसले, पाठ फिरवून. मी तिकडे गेले नाही.

ओटा मोजला. दोन फूट सहा इंच. जेठाभाई म्हणाला, "ल्यो! हनुमानदादाए आखी सावली डुबाडी दीधी." मारुतीने सगळी सावली बुडवली म्हणे! काका हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

म्हाताऱ्याला विचारलं, कुणी बांधला? गेल्या चोमासाआधी, म्हणजे जून महिन्यात, बडोद्याहून एक मराठी बाई आल्या होत्या. कडिया, म्हणजे गवंडी, बरोबर आणला होता. पावसाळ्यात देव पाण्यात बसायचा, तो वर काढला. नाव? "मानता हती, बेन. मानतानुं नाम कोण पूछे?"

नवस! म्हणजे कुणा अडाणी बाईचा नवस, आणि त्यापायी एका माणसाची बावीस वर्षांची चाकरी पाण्यात. परत येताना सगळा रस्ता मनात अहवाल लिहीत होते. बाईचं नाव मिळालं नाही तरी जूनमध्ये त्या बाजूला काम केलेला कडिया शोधता येईल. रावपुऱ्यात दोन-तीनच आहेत. उद्या सकाळी पहिलं तेच. गय करायची नाही. असल्या अज्ञानावर दया दाखवली म्हणून तर देश असा आहे.

२० जानेवारी, बुधवार. सकाळ

चहा देताना आईने माझं बोट पाहिलं. नखात शेंदूर. "अगो बाई, कुठल्या देवाला गेली होतीस?" सांगितलं. तिचा चेहरा फुलला! "माझाच मारुती की तो! विहिरीजवळचा ना? तुझ्या परीक्षेच्या वेळी बोलले होते त्याला — माझ्या पोरीला वर काढ, मी तुला वर काढीन. ओटा कसा आहे? तडा नाही ना गेला?"

आबा झोपाळ्यावर थांबले. मी काय करणार ते त्यांना माझ्याआधी कळलं. म्हणाले, "लिही. मी येतो बरोबर कचेरीत. आणि हीही येईल."

अहवाल लिहिला. साडेअकराला नेऊन द्यायचा.

दगड कुणी हलवला : जिजाबाई, भ्रतार धनाजीराव, राहणार रावपुरा.

केव्हा : जून १९३१.

का : मुलगी बी. ए. झाली म्हणून.

खाली सही केली. सहीपुढे काही लिहिलं नाही.