भर दुपारचा दिवा

४ ऑक्टोबर, सोमवार

टेबलावरचं कापड जाळलं! नवंकोरं, लेकीने आणलेलं. मधोमध बशीएवढं भोक. विचारलं, तर म्हातारा त्या भोकाकडे असा बघतो, जसं काही ते मीच पाडलं. तापलेली सळई तशीच टेकवून ठेवली होती, तारा जोडायला कथलाचा डाग द्यायची. तोंडावर ‘अहो’ म्हणावं लागतं, पण वहीत म्हातारा म्हटलं तर कोण विचारतंय!

घड्याळ करतोय. भिंतीवर एक टांगलेलं असताना!

टेलिफोनचं जुनं ऑफिस मोडीत निघालं तेव्हा बिस्किटांचा डबा भरून काचेच्या नळ्या उचलून आणल्या होत्या. करंगळीएवढ्या, आत कसलासा वायू. इतकी वर्षं पलंगाखाली धूळ खात होत्या. एक नळी पेटते, निखाऱ्यासारखी, आणि विझता विझता शेजारणीला ढुशी देते. मग ती पेटते. अशा गोल बसवायच्या, की झालं घड्याळ. काटे नाहीत, उजेडच पुढे सरकतो. हे सगळं त्याने झटका यायच्या आधी सांगितलं होतं. आता सांगणं जमत नाही. मनात एक असतं, तोंडातून भलतंच येतं. चपलेला चमचा म्हणतो. डॉक्टरला फोनवर ‘भोपळा’ म्हणाला, त्या दिवसापासून फोन मी माझ्या उशाशी ठेवलाय. जन्मभर लोकांचे फोन दुरुस्त केले, आता घरातला उचलायची चोरी.

५ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीचा फोन. म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या घरात एक खोली रिकामी झालीय. पुढच्या मंगळवारपर्यंत आपल्यासाठी ठेवतील, मग दुसऱ्याला.

‘आई, बाबा विजेशी खेळतायत. हात बघ त्यांचा कसा थरथरतो. एक दिवस ते जातील, नाहीतर तू.’

खोटं कुठे बोलली? घड्याळाला वीज पुरवायला त्याने पेटी केलीय, तिच्यातली वीज घरातल्या विजेपेक्षा जोराची आहे. त्याने स्वतःच पेटीवर लाल रंगाने कवटी काढलीय. मला घाबरवायला असेल. घाबरले!

मी म्हटलं, रविवारी ये. सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत तुझ्या डोळ्यांदेखत ते घड्याळ बरोबर चाललं तर त्यांचं डोकं शाबूत आहे असं धरू. राहतील इथेच. नाही चाललं तर घेऊन जा, मी अवाक्षर काढणार नाही. रात्रीचं विचारू नकोस. रात्री मी प्लग काढते. झोपेत भाजून घ्यायची मला हौस नाही.

म्हाताऱ्यालाही सांगितलं. त्याने मान हलवली. कळलं म्हणून हलवली की माशी बसली म्हणून, काय ठाऊक.

६ ऑक्टोबर, बुधवार

चाललं! टिकटिक नाही, काही नाही, नुसता लाल ठिपका गोल फिरतोय. भिंतीवरच्या घड्याळाशी चोरून ताडून बघितलं. जुळत होतं. म्हाताऱ्याने मला बघताना बघितलं.

जेवणं झाली. पडदे ओढले, आडवी झाले. उठून बघते तर सगळ्या नळ्या ठार! म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला.

७ ऑक्टोबर, गुरुवार

परत तेच. सकाळभर ठणठणीत, आणि दुपारी माझा डोळा लागला की ह्याचा मिटतो. माझ्यावरच गेलंय मेलं.

आज मात्र म्हाताऱ्याने कहर केला. मी पडदे ओढून वळते तर ह्याने भर दुपारी टेबलावरचा दिवा लावून घड्याळाच्या तोंडाशी ठेवला! मी विझवला. त्याने लावला. मी विझवला. तेव्हा म्हणाला. अगदी स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

‘अंधारात त्या पेटत नाहीत.’

अंधारात दिवे पेटत नाहीत! अख्खं जग अंधार पडला की दिवा लावतं, आमच्याकडे दिव्यालाच दिवा दाखवायचा! आजवर शब्द चुकायचे तेव्हा मी म्हणत होते, जीभ अडखळते, माणूस आत आहे. आज शब्द सगळे बरोबर आले आणि त्यांत अर्थ नाही. मग आत कोण राहिलं?

रडले बिडले नाही. भांडी घासली, जरा आपटून.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवा कपाटात घालून कुलूप लावलं. बंद पडायचं ते पडलंच.

९ ऑक्टोबर, शनिवार

उद्या लेक येणार. सकाळपासून म्हातारा एकेक नळी काढून बघतोय, नवी घालतोय. डबा तळाला आलाय. डाग द्यायला गेला की हात लटपटतो, कथील भलतीकडे सांडतं. तीनदा सांडलं. चौथ्यांदा मला बघवेना. प्लग काढलाय ना ते आधी पाहिलं आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. हात सरळ गेला. डाग बसला, मोहरीएवढा, चकचकीत. मग पुढचा. मग पुढचा. लग्नातसुद्धा इतका वेळ धरला नव्हता ह्याचा हात.

वरच्या मजल्यावरची शिंपीण सुया परत करायला आली ती दारातच थबकली. ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणत गेली बया. आता जिनाभर होईल.

दुपारी त्याने पडदा सरकवला, मी ओढला. परत सरकवला. मी म्हटलं, अहो, जरा पाठ टेकू द्याल का? मग खुर्चीत जाऊन बसला. घड्याळ बंद पडलं तेव्हा बघितलंसुद्धा नाही तिकडे.

१० ऑक्टोबर, रविवार

म्हाताऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला. गुंड्या मी लावल्या. लेक मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवून बसली. सकाळ सुरळीत. ठिपका फिरतोय, लेक हसतेय, ‘बाबा, ह्याला चावी कुठून द्यायची?’ वगैरे चाललंय. म्हातारासुद्धा हसला, अर्ध्या तोंडाने. तेवढंच हसतं आता.

जेवणं झाली. लेक प्रवासाने दमलेली, म्हटलं पड जरा, आणि पडदे ओढले. म्हातारा ‘नको’ म्हणाला. मोठ्याने. खुर्चीतून उठायला गेला, पाय लटपटला. लेकीने धरून बसवलं. माझ्याकडे बघितलं तिने. काय बघितलं ते मला कळलं. दिव्याचं मी तिला फोनवर सांगितलेलं होतं, पापिणीने.

थोड्या वेळात घड्याळ गेलं.

लेक जिंकल्यासारखी वागली नाही, हे सांगायला हवं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. निघताना म्हणाली, ‘मंगळवारी सकाळी तुला फोन करून मगच त्यांना कळवते. हो म्हणायचंय ना, आई?’

हो म्हटलं. शब्द दिला होता.

म्हातारा हात मांडीवर ठेवून बसलेला. आज त्याने नळ्यांना हातही लावला नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

बॅग भरली. शर्ट, दाढीचं सामान, बरा स्वेटर. चष्म्याची जुनी डबी सापडेना म्हणून माझीच दिली. हात रिकामे राहिले की डोकं चालायला लागतं, म्हणून पडदे उतरवून बादलीत भिजत घातले. काळं पाणी निघालं. आजूबाजूची पोरंठोरं उघड्या खिडकीतून खोलीत डोकावत होती. डोकावू देत.

म्हाताऱ्याने घड्याळाचा प्लग लावला. मी अडवलं नाही. शेवटचा दिवस, खेळू दे.

उघड्या खिडकीने सगळं ऊन टेबलावर. डोळ्याला डोळा नाही. पडल्या पडल्या ठिपका बघत राहिले. आता जाईल, आता जाईल. चहाची वेळ झाली, गेला नाही. ऊन भिंतीवर चढलं, तरी गेला नाही. दिवेलागण झाली, खोलीतला दिवा लावला, आणि तो आपला फिरतोच आहे.

आता चालतंय मेलं! काल काय झालं होतं?

म्हाताऱ्याला विचारलं. तो पडद्याच्या रिकाम्या दांडीकडे बघत बसला. एकदा सांगून झालेलं माणूस परत कशाला सांगेल.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

उठल्या उठल्या घड्याळ लावलं, त्यावर जाड टॉवेल टाकला आणि उभी राहिले. उचलला तर सगळ्या ठार. म्हाताऱ्याने परत चालू केलं. परत टाकला, परत ठार. कपाटाचं कुलूप काढून तो दिवा आणला, टॉवेलच्या आत पेटवून धरला. चालत राहिलं!

म्हाताऱ्याने नुसतं बघितलं माझ्याकडे. मी म्हटलं, बघू नका, कळलं.

बॅग रिकामी केली. फोन माझ्या उशाशी होता तो उचलून त्याच्या खुर्चीशी ठेवला. लेक विचारेल, जायचं की राहायचं. मी त्याला सांगून टाकलंय: भोपळा म्हणा नाहीतर चमचा, वाजला की तुम्हीच उचलायचा.