बाटलीतले खडे

प्रिय करिश्मा,

फोन तुझ्या अप्पांच्या खिशात असतो, म्हणून शेजारच्या शिवकन्येच्या हाती हे पत्र पाठवतेय. वाचून फाडून टाक.

माझे टाके सुकलेत. सोलापूरच्या डॉक्टरांनी पित्ताशय काढलं आणि आतले खडे बाटलीत घालून दिले. अप्पांनी ती बाटली टीव्हीशेजारी मांडलीय. आल्यागेल्याला खुळखुळवून दाखवतात. म्हणतात, "आमच्या बाईनं पोटात खडी पिकवली!"

डॉक्टरांनी विचारलं होतं, जेवता कधी? म्हटलं, घरधनी जेवल्यावर. नळदुर्गच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांना वेळेवर वाढणारा माणूस घरी येतो दुपार कलल्यावर. वर माझे सोमवार, गुरुवार, चतुर्थी. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न आलं की ही पिशवी आवळते आणि पित्त बाहेर पडतं. उपाशी राहिलं की ते साचून घट्ट होतं. गरोदरपणात पिशवी ढिली पडते, वयानं आणखी सुस्तावते, म्हणून बायकांत खडे जास्त. पिशवी गेली तरी वेळेवर खा, असं त्यांनी अप्पांच्या देखत बजावलं.

घरी आल्यावर सकाळीच ताट वाढून घेतलं. तुझी आज्जी म्हणाली, "पिशवी काढली का लाज काढली गं?" अप्पांनी माझ्यापुढचं ताट उचललं आणि म्हशीच्या घमेल्यात रिकामं केलं. म्हैस खात होती तेव्हा आज्जी हसत होती. तेव्हापासून मी पुन्हा मागूनच जेवते.

परवा लोहाऱ्याचे पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी उपासतापास करती का? आमच्यात गडी उठल्याबिगर बाई ताटाला हात लावत न्हाय." अप्पा म्हणाले, "आईच्याच वळणाची हाय." मग बाटली दाखवली. ती बाई उजेडात धरून म्हणाली, "अगं बया, आमच्यात बी हायेत की! माझी एक, थोरल्या सुनेची एक." सगळे पोट धरून हसले. हसता हसताच तुझ्या लग्नाचा रविवार ठरला.

आज्जी मरायला टेकलीय असा तुला फोन येईल. ती धडधाकट आहे, आत्ताच दोन भाकरी खाऊन झोपलीय. तू येऊ नकोस. नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं कर. मेसमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बस. त्यांना माझ्या मरणाचा निरोप धाडायलाही लाज वाटणार नाही. तो आला, तरी आधी जेव. आणि येऊ नकोस.

उष्ट्यावर वाढलेली, तरी तुझीच,
आई