हातोहात

पेरुंगुडी, चेन्नई
१२ जुलै २०२५

आदरणीय दत्तोपंत सर,

नंदिताचा साष्टांग नमस्कार. साताऱ्याची हवा तुम्हांला मानवली, असं काकूंनी फोनवर सांगितलं. बरं वाटलं. इकडे उकाडा जीव खातोय आणि आपल्या पत्रकारिता विभागाच्या एसीने शिरस्त्याप्रमाणे मान टाकली आहे.

नवा अभ्यासक्रम यंदा लागू झाला. मोबाइलवर बातमी करणं, खोटे व्हिडिओ ओळखणं, पॉडकास्ट, सगळं आलं. मुलं खूश आहेत. कॅन्टीनची कॉफी मात्र अजून तशीच पाणचट.

कॉफीचं काय घेऊन बसले मी? सांगायचं ते हे, की तुम्ही सुरू केलेलं विद्यार्थ्यांचं छापील साप्ताहिक बंद झालं. अभ्यासक्रम समितीची अध्यक्ष मीच होते. मला कुणी भाग पाडलं नाही. पानं लावण्यात मुलांचे दिवस जायचे आणि तसल्या नोकऱ्या आता उरल्या नाहीत. निर्णय बरोबरच होता. घरी येऊन रडले, तेही खरं.

मग गेल्या महिन्यात श्रीलक्ष्मी या विद्यार्थिनीने जॉर्ज टाउनमधल्या चंद्रमौळींवर व्हिडिओ केला. दोरखंडाचे व्यापारी, तुम्ही ओळखता त्यांना. ते गोदाम हलवत होते. हिने दुकान बंद होतंय म्हणून सांगितलं. व्हिडिओ गावभर फिरला, गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. "मॅम, मी तो काढून टाकला ना," एवढंच तिचं म्हणणं. मी तिला घेऊन दुकानात गेले. चंद्रमौळी तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, पूर्वी ज्याची बातमी असेल त्याच्या हातात तुमची मुलं अंक आणून द्यायची. मी वाचेपर्यंत समोर उभी राहायची. चुकलं तर मी ओरडायचो, मग ताक द्यायचो. आता कुणावर ओरडू, फोनवर?"

सर, अंक बंद करताना मी अंक हातात नेऊन द्यायची ती फेरीही काढून टाकली होती. माझ्या लक्षातच आलं नाही. आता नियम केलाय: ज्याच्याविषयी बातमी, त्याला समोर बसून दाखवल्याशिवाय गुण नाहीत. समितीतले काही हसले, पण नियम झाला.

तुमचा अंक बंद केल्याचं तुम्हांला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. टपालाने कळवलं असतं, तर मीही श्रीलक्ष्मीसारखीच वागले असते. म्हणून हे पत्र स्वतः घेऊन आले आहे. सावकाश वाचा. मग जे बोलायचं ते बोला, मी कुठे जात नाही.

तुमच्या समोर उभी असलेली,
नंदिता