‘रूठा पत्ता’ आणि त्याच्या आधीचे

मालवीय नगर, जयपूर
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. नीलूस,
दादाचे आशीर्वाद. वहिनीचे वेगळे मोजून घे, ती म्हणते मला तुमच्यात धरू नका.

राखी काल पोचली. सणाच्या चांगली पाच दिवस आधी! गणिताची बाई तू, तारीख चुकणार कशी? पाकिटात राखी आणि कुंकवाची पुडी. चिठ्ठी नेहमीप्रमाणे नाही. मी नेहमीप्रमाणे पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता इतकं स्वच्छ दिसतं, की तुझ्या वहिनीच्या पोळ्यांमध्ये मला राज्याराज्यांचे नकाशे ओळखू येतात. हे वाक्य तिला वाचून दाखवलेलं नाही. निवृत्तीनंतर मिरजेला परत येणार होतो ते राहिलंच. एकोणतीस वर्षांपूर्वी विमा कंपनीने इथे बदली केली तेव्हा मी किती कुरकुर केली होती, आठवतं? आता सकाळची कचोरी चुकली तर दिवसभर चिडचिड होते. माणूस असाच असतो, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. आमचं दर रविवारचं जादूगार मंडळ तुला ठाऊक आहे. शास्त्री नगरात विजयजींच्या स्टेशनरी दुकानाच्या वरची खोली, आम्ही दहाबारा हौशी म्हातारे आणि तीनचार तरुण. मंडळाच्या मासिक अंकात सतरा वर्षं माझं एक सदर आहे, ‘पहले किसने?’ कोणताही नवा खेळ बाजारात आला, की मी तो त्याच्यासारख्या जुन्या खेळांच्या शेजारी ठेवतो आणि आधी कोणी केलं ते लिहितो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. खेळाचं गुपित कुणाला सांगायचं नाही, पण खेळ कुणाकडून आला हे नाव घेऊन सांगायचं. ज्यांनी नावं गाळली त्यांना मी या सदरातून असं सोलून काढलंय, की एका जोधपूरकराने मला लग्नाला बोलावलं नाही.

तर जुलैत एक नवा खेळ आला. नाव ‘रूठा पत्ता’. करणारा आपला तन्मय. वय चोवीस, सीतापुऱ्यात एका निर्यातवाल्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, मूळचे अमरावतीचे, पण पोरगा जन्मला इथेच. मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला ‘मतलब’ लागतं. दिल्लीच्या एका दुकानाने त्याचा खेळ डबीत घालून विकायला काढलाय. डबीत पत्त्यांचा कॅट आणि शिकवणीचा व्हिडिओ.

खेळ असा. तू एक पान मनात धरतेस. जादूगार पत्ते पिसतो, मोठ्या ऐटीत एक पान काढून दाखवतो. चूक! भलतंच पान. तो ते पालथं तुझ्या तळहाताखाली ठेवतो, आणखी एकदा प्रयत्न करतो, पुन्हा चूक. मग तो रुसतो. पत्ते डबीत भरतो, उठतो आणि पाणी प्यायला निघून जातो. तुला वाईट वाटतं. सहज हात उचलून पाहतेस, तर तुझंच पान!

आता याच्यासारखे आधीचे. फूटपाथवरचे जुने खेळवाले पान हातात देतात, फुंकर मारतात आणि स्वतःच उलटतात. कोलकात्याचे एक म्हातारे जादूगार पान पेल्याखाली ठेवायचे, पण पेला तेच उचलायचे. पंधरा वर्षांपूर्वी परदेशातून एक आला, त्यात पान पाकिटात जायचं आणि जादूगार पाकीट फाडताना नको तितकं बोलायचा. तिन्हींत पान बदलतं. पण पान कोण उलटतं आणि त्या वेळी जादूगार असतो कुठे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तन्मयच्या खेळात तो खोलीतच नसतो. बघणारा एकटा, त्याचा तोच सापडतो. इथेच सगळी मजा आहे.

आणि चौथा आधीचा म्हणजे, तुला माहीतच आहे, माझ्या नावावरचा ‘सबनीस की भूल’. १९८४ साली दिल्लीच्या हिंदी जादू-मासिकात छापून आलेला. त्यातही पाणी, त्यातही रुसवा. तन्मय आठ वर्षांचा असताना मी तो महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत केला होता. त्याने तिथेच पाहिला. बिचाऱ्याने व्हिडिओच्या सुरुवातीलाच हात जोडून म्हटलंय, की मूळ कल्पना दिनकर सबनीस काकांची.

सदर महिनाअखेरीस द्यायचंय. तू तटस्थ आहेस, शिवाय तुझी स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली. तुला काय वाटतं, पहिलं कोणाचं? जमेल तसं कळव.

बाकी क्षेम.
तुझा
दादा


मालवीय नगर, जयपूर
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय नीलू,

शनिवारी राखी बांधून घेतली (वहिनीकडून, ती म्हणते हा प्रकार कायद्यात बसत नाही) आणि तेवढ्यात मोबाईलवर तुझं उत्तर आलं. “पत्र मिळालं. तुझंच पहिलं, दादा. लिहून टाक. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.”

मी दिवसभर ते उघडून वाचत होतो. शेवटी वहिनीने विचारलं, असं काय लिहिलंय तिने? मी म्हटलं, थेंब घालायला सांगितलेत. ती म्हणाली, मग घाला की, नुसते काढताय कशाला.

फोन करणार होतो, पण केला नाही. फोनवर तू “अरे जाऊ दे रे दादा” म्हणाली असतीस आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

मागच्या पत्रात मी तुला तटस्थ म्हटलं. निर्लज्जपणाची कमाल आहे. मला वाटत होतं, तूच म्हणशील, “दादा, तो खेळ माझा होता,” म्हणजे मला म्हणावं लागणार नाही. बासष्टाव्या वर्षीसुद्धा मी माझं काम तुझ्याकडून करून घ्यायला बघत होतो.

तो खेळ तुझा होता, नीलू. रुसवा तुझा, पाणी प्यायला जाणं तुझं. तू म्हणाली होतीस, “माणूस ओशाळला ना दादा, की बघणारे आपोआप दुसरीकडे बघतात. तेवढा वेळ आपल्याला पुरे.” हातचलाखी मी जादूच्या क्लासात शिकलो होतो, ती कुणालाही येते. हे वाक्य मला सात जन्मांत सुचलं नसतं. चौदा वर्षांच्या पोरीला हे कुठून कळलं, याचं मला आजही नवल वाटतं.

फेब्रुवारी चौऱ्याऐंशीची कोल्हापूरची स्पर्धा. तुलाही उतरायचं होतं. अण्णा म्हणाले, मुलीच्या जातीने स्टेजवर पत्ते कुटायचे नाहीत. मी तुला शब्द दिला, की मी करतो आणि तुझं नाव सांगतो. तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस, आपल्या आत्याच्या शेजारी. खेळ झाला, टाळ्या झाल्या, परीक्षकांनी माईकवर विचारलं, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? मी तुझ्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं. आणि म्हणालो, “आंघोळ करताना.”

सभागृह हसलं. आपल्या घरी माणशी एक बादली पाणी, त्यात कल्पना काय, साबणसुद्धा धड निघत नव्हता! तू टाळ्या वाजवल्यास. परतीच्या एसटीत म्हणालीस, “मेडल दाखव.” हातात घेऊन पाहिलंस आणि परत दिलंस.

त्यानंतर तू पत्त्यांना हात लावला नाहीस. आम्हाला सांगितलंस, गणिताचा अभ्यास आहे. लग्नकार्यात रमीचा डाव लागला, की तू चहा टाकायला उठतेस. एवढा चहा कुणालाच नको असतो.

मी स्वतःशी म्हणत आलो, की त्या वेळी घाबरून विसरलो. खोटं. मी विसरलो नव्हतो. नाव जिभेवर होतं. पण टाळ्या इतक्या गोड होत्या, की त्यात वाटा द्यावासा वाटला नाही. पुढे मासिकाने ‘सबनीस की भूल’ छापलं तेव्हा मी मनाची काय समजूत काढली सांगू? म्हटलं, सबनीस तर नीलूही आहे, म्हणजे तिचंही नाव आलंच की. आणि तुझं लग्न झाल्यावर तेवढीही पळवाट राहिली नाही. आणि हाच दिनकर सबनीस सतरा वर्षं लोकांना विचारतोय, पहले किसने?

परवा रविवारी मंडळात गेलो. तन्मयच्या खेळाचं कौतुक चाललं होतं. विजयजी म्हणाले, “दिनकरजी, इस बार तो आपको अपने ही बारे में लिखना पड़ेगा!” सगळे हसले. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कोल्हापूर, तिसरी रांग, आंघोळ, सगळं. आणि काय सांगू, तू म्हणाली होतीस तसंच झालं! मी ओशाळलो आणि त्या दिवशी आलेले बाराच्या बारा जण पंख्याकडे बघायला लागले. त्या वेळात मी अख्खा कॅट बदलला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की एकेचाळीस वर्षं तूही तेच करत आलीस. माझी लाज दिसू नये म्हणून दुसरीकडे बघत आलीस.

शेवटी विजयजी बोलले. “सत्रह साल से आप हम सबकी क्लास ले रहे हैं, दिनकरजी!” मी म्हटलं, सज़ा बताइए. त्यांनी बराच विचार करून शिक्षा ठोठावली. पुढचे तीन महिने माझं सदर तन्मय लिहिणार आणि मी त्याची टाचणं काढून द्यायची. मला तर वाटलं स्वस्तात सुटलो. घरी आल्यावर वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, “तीनच? मला विचारायचं होतं त्यांनी.” मग थोड्या वेळाने आत जाऊन शिरा केला.

तन्मय माझ्याबरोबर जिना उतरला. म्हणाला, “काका, मतलब, मी सुरुवातीचा भाग परत शूट करतो. आत्यांचं नाव पूरा कसं लिहायचं? त्यांना राग नाही ना येणार?” मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाला, “आत्यांना विचारा ना, पाणी प्यायला किती वेळ जायचं? माझ्या खेळात लोक कधी कधी हातच उचलत नाहीत.” मी म्हटलं, बाबा रे, हे मलाही आजवर कळलेलं नाही. याचं उत्तर एकाच माणसाकडे आहे.

या महिन्याचं सदर मात्र माझंच गेलं, कारण शिक्षा सप्टेंबरपासून आहे. छापायला दिलेली प्रत सोबत जोडली आहे. शेवटचं वाक्य असं आहे: “इस खेल की पहली और असली रचनाकार नीलिमा सबनीस हैं, मिरज, १९८२. मेरा इसमें कुछ नहीं था.” तुला विचारलं नाही. घेताना विचारलं नव्हतं, देतानाही विचारत बसलो नाही. तू नको म्हणाली असतीस, आणि तुझ्या मोठेपणाचा फायदा मी पुष्कळ वर्षं घेतलाय.

माफ कर असं लिहिणार होतो. पण ते लिहिलं की उत्तर देणं तुझ्यावर येतं. तेव्हा वाटलं तर कर, नाहीतर नको करूस. राखी पाठवत राहा एवढंच.

एक मात्र राहिलंय. मी शेकड्यांनी परीक्षणं लिहिली, एक लिहिलं नाही. ते आता लिहितो.

मे १९८२, मिरज, दुपार. अण्णा कचेरीत, आई शेजारी पापड लाटायला. तू मला सतरंजीवर बसवलंस. भलतंच पान काढलंस, मग आणखी एक भलतंच. तुझा चेहरा असा पडला, की मला म्हणवेना, नीलू, तुला नाही जमायचं. तू उठलीस आणि माठाकडे गेलीस. मी तुझ्या पाठीकडे बघत होतो आणि काय बोलून समजूत घालावी ते ठरवत होतो. सहज हात उचलला. चौकटची राणी. माझं पान! अंगावर सरसरून काटा आला. तू पेला हातात घेऊन दारात उभी होतीस आणि माझ्या तोंडाकडे बघत होतीस.

आणि मी म्हणालो, “ठीक आहे. हात जरा जड पडतोय.”

हात जड नव्हता. त्या दुपारी मला तुझा हेवा वाटला, त्याहून जास्त आनंद झाला, आणि मी दोन्ही गिळले. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं मी बड्या बड्यांचे खेळ पाहिले, फूटपाथवरचे, कोलकात्याचे, परदेशातले. तन्मयचाही पाहिला. चांगला आहे. पण तसा मी पुन्हा कधीच फसलो नाही. मी पाहिलेला सगळ्यात सुंदर खेळ तो होता, नीलू.

तुझा पहिला प्रेक्षक,
दिनू